वापरून संपलेला व्हेप आणि न संपलेली बॅटरी

एकदा वापरून फेकायच्या व्हेपमध्ये आधी काय संपते, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. संपतो तो द्रव. निकोटीन मिसळलेला थोडासा द्रव ओढून झाला की वाफ येईनाशी होते, तोंडात जळका स्वाद येतो आणि माणूस ते उपकरण टाकून देतो. आतली लिथियम-आयन बॅटरी तेव्हा संपलेली नसते. तिच्यात थोडाफार चार्ज शिल्लक असतो, आणि तिचे आयुष्य तर जेमतेम सुरू झालेले असते. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी असे सेल बाहेर काढून पुन्हा पुन्हा चार्ज केले. त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जूल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जे सेल एकदाच वापरायचे म्हणून विकले गेले होते, ते शेकडो वेळा चार्ज होऊनही आपली बहुतेक क्षमता टिकवून होते.

म्हणजे कचऱ्यात जाते ती एक चांगली, जिवंत बॅटरी. तिची ऊर्जाही जिवंत असते आणि तिचा धोकाही. सुरक्षित पुनर्चक्रणाचा विचार करताना बहुतेक लोकांचे लक्ष कारखान्याकडे, तिथल्या आम्लांकडे आणि भट्ट्यांकडे जाते. माझे म्हणणे असे की तो भाग बऱ्याच अंशी सुटलेला आहे. लिथियम-आयन बॅटरीतून धातू परत मिळवण्याचे रसायनशास्त्र आज माहीत आहे आणि ते व्यवहारात चालते. अडते ते त्याच्या बरेच अलीकडे, ग्राहकाच्या हातापासून बॅटरी वेगळी होईपर्यंतच्या वाटेवर. या वाटेवर वेगळे काय करायचे, ते कोणी आणि कधी करायचे, एवढ्यावरच सुरक्षितता ठरते.

एका नळीत दोन धोके

व्हेप उघडला तर आतली मांडणी साधी दिसते. बाहेर प्लॅस्टिकचे किंवा अॅल्युमिनियमचे कवच. तोंडाकडच्या बाजूला द्रव शोषून धरणारा स्पंज, त्याच्या मधोमध कापसाच्या वातीवर गुंडाळलेली बारीक तारेची तापणारी गुंडाळी. दुसऱ्या टोकाला हवेच्या दाबाचा फरक ओळखणारा इवलासा सेन्सर आणि एक दिवा. ओढताच सेन्सर परिपथ जोडतो आणि गुंडाळी तापते. उरलेली जवळजवळ सगळी जागा सेलने व्यापलेली. हा सेल सुमारे ३.७ व्होल्टचा असतो आणि क्षमता ५५० मिलिअँपिअर-तास धरली तर त्यात सुमारे २ वॅट-तास ऊर्जा मावते.

ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात अशा उपकरणात २ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव आणि मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. म्हणजे नियमात बसणाऱ्या नव्या व्हेपमध्येही ४० मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन असते. वापरून झाल्यावर त्यातला काही अंश स्पंजात आणि वातीत राहतो. निकोटीन हे विष आहे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या ‘अग्निअस्त्र’ या फवारणीत गोमूत्र, कडुनिंब, मिरची आणि लसणाबरोबर तंबाखू असते ती कीड मारण्यासाठीच. निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. म्हणून गळका व्हेप उघड्या हाताने हाताळणे धोक्याचे आणि तो लहान मुलाच्या हाती लागणे तर फारच धोक्याचे.

मुठीत मावेल एवढ्या वस्तूत अशा रीतीने एक विषारी भाग आणि एक ज्वालाग्राही भाग शेजारी शेजारी बसवलेले असतात. आणि ते वेगळे व्हावेत अशी रचना निर्मात्याने केलेलीच नसते. कवच दाबून किंवा चिकटवून बंद केलेले, सेलच्या तारा थेट डाक देऊन जोडलेल्या, बॅटरी बाहेर काढायला खाच नाही की स्क्रू नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या बंद कवचात आहे.

आग नेमकी कशी लागते

चार्ज असलेल्या सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसलेले लिथियम असते, तर दुसऱ्या बाजूला कोबाल्टचा किंवा निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचा मिश्र ऑक्साइड. दोन्हींच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. हे सारे ज्या द्रवात भिजलेले असते तो सेंद्रिय कार्बोनेटांचा, म्हणजे सहज पेटणारा. त्यात लिथियमचे फ्लोरिनयुक्त क्षार विरघळवलेले असतात.

सेल चेंगरला, वाकला किंवा त्याला भोक पडले की पडदा फाटतो आणि दोन्ही बाजू आतल्या आत एकमेकींना भिडतात. तिथे प्रचंड विद्युतप्रवाह वाहून जागा तापते. तापमान साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात गेले की ग्राफाइटवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि त्या मोडण्यातूनही उष्णता निघते. १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो आणि जी भेट एका बिंदूवर होती ती सर्वत्र होते. पुढे ऑक्साइड आपल्यातला ऑक्सिजन सोडू लागतो. आता इंधन आत आहे, ऑक्सिजनही आतच आहे आणि उष्णता आपणच आपल्याला वाढवत आहे. म्हणून ही आग पोत्याने झाकून किंवा हवा तोडून विझत नाही. फ्लोरिनयुक्त क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड हा अतिशय दाहक वायू तयार होतो, तो वेगळाच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिथियम पाण्यात पेटते म्हणून अशा आगीवर पाणी घालू नये, असे बरेच जण सांगतात. ते लिथियम धातूच्या बाबतीत खरे आहे. लिथियम-आयन सेलमध्ये धातूरूप लिथियमचा वेगळा साठा नसतो. इथे आग थांबवण्याचा खरा मार्ग थंड करणे हाच आहे आणि त्यासाठी भरपूर पाणी हेच सर्वांत हाताशी असलेले साधन आहे. मात्र धूर श्वासात जाऊ देता कामा नये. बंद खोलीत आग वाढली असेल तर माणसाने बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

आता हा सेल कचऱ्याच्या गाडीत टाका. कॉम्पॅक्टरचे कामच मुळी कचरा दाबून लहान करण्याचे. आजूबाजूला कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक. एका सेलची आग शेजारच्या सेलला तापवते आणि तोही त्याच वाटेने जातो. ब्रिटनमध्ये मटेरियल फोकस ही ई-कचऱ्यावर काम करणारी संस्था आणि राष्ट्रीय अग्निशमन प्रमुखांची परिषद यांनी २०२४ मध्ये जाहीर केले की एका वर्षात कचरागाड्यांत आणि कचरा केंद्रांत बॅटऱ्यांमुळे १,२०० हून अधिक आगी लागल्या. त्या सगळ्या व्हेपमुळे लागल्या असे म्हणता येणार नाही. इअरबड, इलेक्ट्रिक टूथब्रश, खेळणी, सगळ्यांत असेच सेल असतात. पण बॅटरी आहे हे ओळखूच येत नाही आणि म्हणून सहज फेकली जाते, अशी वस्तू व्हेपइतकी दुसरी क्वचित सापडेल.

ही वस्तू कोणत्या खात्यातली?

कचऱ्याच्या कायद्यांना प्रत्येक वस्तूला एक खाते लागते. व्हेप दोन खात्यांच्या मध्ये पडतो आणि देशोदेशी त्याची निरनिराळी परवड होते.

अमेरिकेत टाकून दिलेल्या व्हेपमधले निकोटीन पर्यावरण संरक्षण संस्थेच्या दृष्टीने तीव्र घातक कचरा ठरते आणि लिथियम बॅटरी तिच्या ज्वलनशीलतेमुळे स्वतंत्रपणे घातक ठरते. निकोटीन असलेली वस्तू साध्या ई-कचरा रिसायकलरला घेता येत नाही. औषधांच्या कचऱ्याच्या वाटेने पाठवावी तर तिथे बॅटरी चालत नाही. घरगुती कचऱ्याला तिथे या नियमांतून सूट आहे, संस्थांना नाही. त्यामुळे शाळा विचित्र पेचात सापडल्या. विद्यार्थ्यांकडून जप्त केलेले व्हेप हा शाळेचा कचरा ठरतो आणि एका महिन्यात तीव्र घातक कचरा १ किलोच्या वर गेला की शाळेला मोठ्या कारखान्यासारखे नियम लागू होऊ शकतात. मुलांना व्यसनापासून वाचवण्यासाठी व्हेप जप्त करणाऱ्या शिक्षकांवर घातक कचऱ्याच्या नोंदवह्या ठेवण्याचा भार यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

ब्रिटनने व्हेप सरळ विद्युत उपकरणांच्या खात्यात घातला. त्यामुळे विक्रेत्याने जुना व्हेप परत घेण्याची सक्ती लागू झाली. पण खर्चाची वाटणी चुकली. बरीच वर्षे व्हेप ‘खेळणी, फावल्या वेळची साधने आणि क्रीडासाहित्य’ या गटात मोजला जात होता आणि त्याच्या हाताळणीचा खर्च खेळणी बनवणाऱ्यांच्याही अंगावर पडत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हेपसाठी स्वतंत्र गट झाला आणि ज्याचा माल त्याचा खर्च हे तत्त्व कागदावर तरी आले. त्याआधी १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तिथे बंदी आली. बंदीचा अर्थ लगेच दिसला: चार्जिंगचे भोक आणि बदलता येणारी कुपी लावलेली, पण रूपाने आणि किमतीने जवळजवळ तशीच उपकरणे दुकानांत आली. चार्ज करता येते म्हणून माणूस चार्ज करतोच असे नाही. किंमत फेकण्याजोगी असेल तर वस्तू फेकली जाते.

वेगळे करण्याचे काम

चांगल्या केंद्रात व्हेपचा प्रवास असा होतो. आलेला माल आधी डोळ्यांनी पाहून गळके, फुगलेले आणि गरम लागणारे नग बाजूला काढतात. ते वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइट या न पेटणाऱ्या खनिजात ठेवतात. उरलेल्यांची तोंडाकडची टोपी काढून स्पंज आणि गुंडाळी ओढून घेतात. हे काम हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवून होते, कारण इथे निकोटीनशी संबंध येतो. मग सेल बाहेर सरकवतात आणि त्याच्या तारा कापतात. एका वेळी एकच तार. कात्रीच्या एका चिमट्यात दोन्ही तारा आल्या तर पात्यातूनच शॉर्ट होतो. कापलेल्या टोकांवर टेप लावतात आणि सेल धातूला धातू लागणार नाही अशा रीतीने रचतात. स्पंज, वात आणि द्रव उच्च तापमानाच्या भट्टीत जाळायला जातात. अॅल्युमिनियम आणि तांबे भंगाराच्या नेहमीच्या वाटेने जातात. निकोटीन मुरलेल्या प्लॅस्टिकला सहसा चांगला गिऱ्हाईक मिळत नाही.

पुढची पायरी यंत्रांची. सेल डिस्चार्ज करून नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत किंवा पाण्याखाली चिरडतात, म्हणजे ठिणगी पडली तरी पेटायला ऑक्सिजन किंवा वाव मिळत नाही. चाळून तांबे आणि अॅल्युमिनियमचे पत्रे वेगळे झाल्यावर उरते ती काळी भुकटी, या धंद्यातल्या लोकांच्या बोलीत ‘ब्लॅक मास’. तिच्यात ग्राफाइट, कोबाल्ट, निकेल, मँगनीज आणि लिथियम एकत्र असतात. ती सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, मग एकेक धातू निवडक द्रावकांनी ओढून घेतात. लिथियम बहुधा शेवटी, सोडा घालून कार्बोनेटच्या रूपात खाली बसवतात, तेही गरम द्रावणातून. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. लिथियम कार्बोनेट उलट कमी विरघळते, आणि याच स्वभावाचा इथे उपयोग होतो. थेट भट्टीत वितळवण्याची दुसरी पद्धत आहे, पण त्यात लिथियम मळीत जाते आणि ते परत मिळवायला वेगळी प्रक्रिया करावी लागते.

यात पैसा किती? हिशेब मांडून पाहू. अशा एका व्हेपमध्ये सुमारे ०.१५ ग्रॅम लिथियम धरतात. त्यापासून ०.८ ग्रॅम लिथियम कार्बोनेट होईल. २०२२ च्या अखेरीस, चीनमध्ये त्याचा भाव टनाला सुमारे ६ लाख युआनवर चढला होता, तेव्हा या ०.८ ग्रॅमची किंमत साडेपाच रुपयांच्या आसपास होती. २०२४ च्या सुरुवातीला भाव १ लाख युआनच्या आसपास घसरला आणि तेच लिथियम रुपयाभराचे झाले. सेल कोबाल्ट ऑक्साइडचा असेल तर त्यात दोनेक ग्रॅम कोबाल्ट असते आणि रिसायकलरला आधार त्याचाच. तरीही, एक नग हाताने उघडायला लागणारी दोन-तीन मिनिटांची मजुरी, हातमोजे, भट्टीचा खर्च आणि आगीचा विमा या पैशांत बसत नाही.

उलट बाजूने पाहिले तर चित्र पालटते. मटेरियल फोकसच्या २०२३ च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये आठवड्याला ५० लाख व्हेप फेकले जात होते. वर्षाचे २६ कोटी. प्रत्येकी ०.१५ ग्रॅम धरले तर जवळजवळ ४० टन लिथियम, म्हणजे त्या संस्थेच्या हिशेबाने ५,००० विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांना पुरेल एवढे. एका नगाला किंमत नाही आणि सगळ्यांना मिळून आहे, अशा मालाचे पुनर्चक्रण बाजारावर सोडून होत नाही. ते उत्पादकाच्या पैशाने, कायद्याच्या सक्तीने आणि उघडायला सोप्या रचनेने होते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, काही अपवाद वगळता. या सगळ्या उपायांत मला सर्वांत जास्त आशा याच नियमाची वाटते, कारण तो थेट त्या बंद कवचाला हात घालतो.

घरातल्या माणसाने काय करावे

इथे थोडक्यात सांगणे पुरे. व्हेप घरी उघडू नये. मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करण्याचा सल्ला काही जण देतात, तोही पाळू नये. टोके गंजतात, सेल गळतो आणि ते पाणी ओतायला जागा नसते. जुन्या व्हेपमधले सेल काढून घरगुती पॉवर बँक बनवण्याचा उद्योग मुलांना आकर्षक वाटतो, पण या सेलना बहुधा स्वतःचा संरक्षक परिपथ नसतो आणि जास्त चार्ज झाला तर ते थांबवणारे काही नसते. टाकायचा व्हेप कोरड्या, धातूच्या नसलेल्या डब्यात, उन्हापासून आणि मुलांपासून दूर ठेवावा. धातूची टोके उघडी असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेला असेल तर वाळूच्या बादलीत, घराबाहेर. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात तो कधीही जाऊ नये. लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने तो व्हेप विकणाऱ्या दुकानात परत द्यावा. दुकानदाराला तो घ्यावाच लागतो.

बंदी असलेल्या देशात

भारतात प्रश्न वेगळ्या जागी अडतो. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्यापाठोपाठ आलेल्या कायद्याने ई-सिगारेटचे, म्हणजे व्हेपचे, उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठवण सोडून बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. आरोग्याच्या दृष्टीने ही बंदी मला योग्य वाटते. पण चोरट्या वाटेने माल येतो, मुंबई-पुण्यातल्या छाप्यांच्या बातम्या येत राहतात, आणि जो माल येतो तो कधीतरी कचरा होतो. या कचऱ्याला नोंदणीकृत उत्पादक नाही. जबाबदार कोणाला धरणार? ज्याच्याकडे तो आहे तो भीतीपोटी कुठे जमा करत नाही, गुपचूप डब्यात टाकतो. तो शेवटी हाताळते ती घंटागाडीवरची किंवा वर्गीकरण केंद्रावरची बाई. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि ‘स्वच्छ’ सहकारी संस्था २००८ पासून ज्यांच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देत आहेत, त्या कचरावेचकांच्या हातांचा हा प्रश्न आहे.

वाट मात्र आहे, आणि ती आजच्या नियमांतच आहे. २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम रसायन, आकार किंवा वापर काहीही असो, सर्व बॅटऱ्यांना लागू होतात. त्यांत पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे नोंदणीकृत रिसायकलरला त्याने प्रक्रिया केलेल्या वजनावर मिळतात आणि ती उत्पादक विकत घेतात. बॅटरी कोणत्या ब्रँडची, हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणजे व्हेप हा बेवारस असला तरी त्यातून वेगळा काढलेला सेल बेवारस राहत नाही. क्षमताही देशात आहे. रुडकीच्या अटेरोसारखे कारखाने लिथियम बॅटऱ्यांवर काम करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आयात भंगारावरचे सीमाशुल्क काढून टाकले. परदेशातून भंगार आणायला सवलत देणाऱ्या देशाने आपल्या शहरांतले सेल कचरा डेपोवर जाऊ देणे परवडणारे नाही.

पहिली सोय स्थानिक संस्थांनी करायची आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दर २० चौरस किलोमीटरला किमान एक घरगुती घातक कचऱ्याचे संकलन केंद्र सांगितले होते. अशा केंद्रांवर आणि महाविद्यालयांत नाव-गाव न विचारता बॅटऱ्या आणि बॅटरी बसवलेली छोटी उपकरणे घेणारी पेटी ठेवली, तर व्हेप इअरबडांच्या सोबतीने आपोआप आत येईल. चौकशीची भीती गेल्याशिवाय तो येणार नाही.

दुसरी सोय पोलिसांच्या आणि सीमाशुल्क खात्याच्या मुद्देमालाची. छाप्यात सापडलेले खोकेच्या खोके व्हेप न वापरलेले, म्हणजे पूर्ण द्रवाचे आणि चार्ज असलेले असतात. ते खटला संपेपर्यंत मुद्देमाल कक्षात कागदपत्रांशेजारी ठेवणे धोक्याचे, आणि इतर जप्त मालासारखे रोलरखाली चिरडणे किंवा ढीग करून जाळणे तर वर सांगितलेल्या कारणांनी आग मुद्दाम पेटवण्यासारखे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये न्यायालयाने १४ दिवसांत मालाचे वर्णन तयार करावे, छायाचित्रे किंवा व्हिडिओ घ्यावेत आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. छायाचित्रे पुराव्यात चालतात. या तरतुदीचा आधार घेऊन नमुन्यापुरते नग ठेवून बाकीचा माल थेट नोंदणीकृत बॅटरी रिसायकलरकडे देण्याचा आदेश मागता येतो. त्यासाठी पंचनाम्यात नगांच्या संख्येबरोबर एकूण वजन आणि मालाची स्थिती, म्हणजे गळके किती, फुगलेले किती, हेही नोंदवले पाहिजे. पिंपे किती लागतील, वाळू किती लागेल आणि कोणते नग आधी न्यायचे, हे रिसायकलरला गाडी पाठवण्याआधी त्यावरूनच ठरवता येते.